आई मीठ विसरली होती

आधीच सांगते, भुतंखेतं, करणी, देवदेवस्की यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. कोणाच्या अंगात आलं की आधी "रात्री झोप झाली होती का?" असं विचारणारी बाई मी. पेशाने सोशल वर्कर. रत्नागिरीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत आमचं छोटंसं निवासी केंद्र आहे. दूरच्या मनोरुग्णालयांत, कुलपाच्या वॉर्डात वर्षानुवर्षं पडून राहिलेली, आता बरी असलेली माणसं आपल्या गावाजवळ यावीत म्हणून ते चालतं. हसायचं तर हसा, पण जे झालं ते तिथेच झालं...

दिवाळीनंतर आम्ही दत्तारामला आणायला गेलो. नाटे गावचा खलाशी, आता पन्नाशीचा. तरुणपणी मुंबईकडच्या बोटीवर असताना डोकं फिरलं आणि भ्रमात त्याने बोटीच्या प्रमुखावर, तांडेलावर, सुरी चालवली. तांडेल वाचला. पण पोलीस, कोर्ट, मग तो बंद वॉर्ड... अर्धं आयुष्य तिथेच गेलं बिचाऱ्याचं. मला दिसला तो एक गप्प, नीटनेटका माणूस. गाडीत चढताना चपला काढून हातात घेतल्या त्याने! म्हटलं, "अहो दत्तारामभाऊ, देवळात नाही चाललोय आपण." तर कसनुसा हसला.

निघताना तिथला जुना अटेंडंट म्हणाला, "मॅडम, सर्वपित्री अमावास्येला हा जेवत नाही हां. आईने वाढलं, पोट भरलं म्हणतो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर... सगळं सांगतो. एका वर्षी तर म्हणाला, सांबारात आई मीठ विसरली!" आम्ही सगळे हसलो. दत्तारामसुद्धा.

मग मी त्याच्या घरी गेले, नाट्याला. धाकट्या भावाने, विष्णूने, मला अंगणातच थोपवलं. "ताई, हळू बोला. आई आत आहे. तिला आम्ही सांगितलंय, दत्ता बोटीवरून पडून बुडाला."

"असं का सांगितलंत?"

"बहिणीचं लग्न ठरत होतं ओ. बुडालेल्यासाठी लोक रडतात, वेड्याला हसतात."

माझं डोकं असं सणकलं! पण त्याचेही डोळे भरलेले होते.

तेवढ्यात म्हातारी दारात आली. सगळं ऐकलं होतं तिने. मला वाटलं, आनंदाने रडेल. तर ती स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागली. "जित्या पोराला मी पान ठेवलं गो बाय! दर वर्साला ठेवलं!" बुडाल्याची तिथी माहीत नाही, म्हणून दर सर्वपित्रीला ती अंगणात त्याच्या नावाचं पान कावळ्यासाठी ठेवायची. मेलेल्याला ठेवतात तसं. "मीच मारून ठेवलं त्याला," एवढंच परत परत.

तिची समजूत काढायची म्हणून मी अटेंडंटची गोष्ट सांगितली. म्हटलं, आजी, तुमच्या हातचंच जेवायचा तो त्या दिवशी. मिठाचंही बोलून गेले. म्हातारी एकदम थांबली.

"डोळ्याचं आप्रेशन झालं त्या वर्साला नाय पडलं मीठ. पान ठेवल्यावर कळलं. मग घालून घरच्यांना वाढलं. कोणाला बोलले नाय मी."

खरं सांगते, भर दुपारी अंगावर काटा आला.

आठवड्याभरात आजी एसटीने डबा घेऊन केंद्रावर आली. एवढ्या थोराड माणसाला तिने हाताने भरवलं. तो म्हणाला, "आई, मला घरी ने." ती म्हणाली, "शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तू दारात पायजेस." शिमगा आला तर विष्णू म्हणतो, गाव जमतो, नंतर नेऊ. नंतर म्हणाला, पावसाच्या आधी नेऊ. आणि ज्येष्ठात आजी गेली.

दत्तारामला मीच सांगितलं. तो फाटकाकडे बघत राहिला. "मग आता मला घरी कोण नेणार?" आत जाऊन रडले मी.

यंदाची सर्वपित्री. दुपारी त्याने ताट बाजूला सारलं. "जेवलो." मी ताबडतोब विष्णूला फोन लावला. तो म्हणाला, "पान? नाही ओ. आईला जाऊन वर्ष कुठे झालंय? वर्षाच्या आत पितरांना वाढत नाहीत, यंदा आमच्याकडे म्हाळच नाही. पेज केलीये नुसती."

परत आले तर दत्ताराम नळावर हात धूत होता. म्हटलं, "मीठ होतं का हो?"

"होतं की." मग हात पुसता पुसता म्हणाला, "ताई, दरवेळी अंगणात वाढायची. आज आत बोलावलं. चुलीजवळ बसवून वाढलं."

तिथी तो चंद्रावरून मोजत असेल, पदार्थ काय ठरलेलेच... सगळं करून बघितलं मी डोक्यात. मिठाशी येऊन अडते, आणि त्या चुलीशी. नाही सांगता येत. विष्णूला हे कळवलं तेव्हा तो फोनवर खूप रडला. पण न्यायला अजून आलेला नाही.