खिडकीजवळचं टेबल

सुकन्याच्या घरात रिबिनी डब्यांत राहतात आणि डब्यांना माणसांची नावं आहेत.

त्याचं असं झालं, की जर्मनीतल्या इंगोलश्टाट गावच्या मराठी बायका दर संक्रांतीला एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचा एकेक डबा घेऊन घरी येतात. फ्लॅट लहान, डबे फार. बाकीच्या बायका ते डबे पुढच्या वर्षी हळूच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ठेवतात. सुकन्याने मात्र एकही डबा बाहेर जाऊ दिला नाही. शमिकाच्या चौकोनी डब्यात केसांचे चिमटे, ऊर्मिलाच्या उभ्या डब्यात बारीक धारीची जाड रिबीन, सरिताच्या डब्यात मणी आणि अरुंधतीच्या मोरपंखी झाकणाच्या डब्यात सॅटिन. अरुंधती नवऱ्याच्या बदलीमुळे कधीच हॅनोव्हरला गेली, पण या घरात अजून "अरुंधतीला जरा इकडे सरकव" असं म्हटलं जातं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

रिबिनीचं वेड सुकन्याला वडिलांकडून आलं. कराडला बापूंचं कटलरीचं दुकान होतं. म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, नाड्या आणि जून महिन्यात शाळेच्या मुलींसाठी लाल रिबिनी. गल्ल्याजवळच्या फळीला पितळी मीटरपट्टी ठोकलेली होती, पण बापूंनी तिच्याकडे कधी पाहिलं नाही. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे, हात ताणला की झाली वीत. दोन वेण्यांना किती विती लागतात हे ते मुलीच्या केसांकडे बघून सांगायचे. सुकन्याही तशीच मोजते. तिचं शिक्षण रसायनशास्त्रातलं, लग्नाआधी चिंचवडला एका प्रयोगशाळेत नोकरी, तिथे काचेच्या नळीवरची बारीक रेघसुद्धा डोळे बारीक करून बघायची. पण रिबीन हातात आली की वीतच.

आता ती सकाळी एका बालवाडीत मदतनीस आहे. तिथल्या मुलींचे केस मक्याच्या कणसाच्या जटेसारखे मऊ. चिमटा लावला की घसरून नाकावर येतो. सुकन्याने चिमट्याच्या आतल्या बाजूला मखमली रिबिनीचा तुकडा चिकटवला आणि वरून बो बसवला. तो बो दिवसभर जागचा हलला नाही. तेव्हापासून आया तिला गाठून विचारायला लागल्या. कुणाला वाढदिवसाला हवा, कुणाला शाळेच्या पहिल्या दिवसाला. दुपारी घरी आल्यावर, भांडी आवरून झाली की ती छोट्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि मुलगी, स्पृहा, शाळेतून येईपर्यंत तिथून उठायची नाही. एवढी सुखाची वेळ तिला दिवसात दुसरी कुठली मिळत नसे.

आणि नेमकी तीच खोली तिच्या नवऱ्याला, चारूला हवी होती.

चारुदत्त गाड्यांच्या सीटबेल्टचे पट्टे विणणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघतो. कंपनीने आठवड्याचे तीन दिवस घरून काम करा म्हटल्यापासून तो डायनिंग टेबलावर बसत होता. पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या. एकदा तर फोडणीच्या धुराने छतावरचा अलार्म कोकलायला लागला आणि मीटिंगमधल्या माणसांनी त्याला इमारत सोडून बाहेर पडायचा सल्ला दिला.

"मी काय म्हणतो," एका रविवारी पोहे खाताना तो म्हणाला, "तुझं टेबल केलरमध्ये नेऊ. दिवा आहे, प्लग आहे. मी रॅक लावून देतो. अगदी वर्कशॉपसारखं."

"तळघरात आपल्या सायकली आहेत."

"सायकली भिंतीला टांगतो."

"आणि शेजारच्या जाळीच्या कप्प्यात शेजारच्या लिंडनरबाईंचे बटाटे."

"बटाट्यांचा तुला काय त्रास?"

सुकन्या हसली आणि तिने त्याला आणखी पोहे वाढले. त्याचं चूक नव्हतं हे तिला कळत होतं. कुकरपुढे बसून कुणाला क्वालिटी बघता येते? पण तळघरात जाऊन बसणं आपल्याला जमणार नाही, हेही तिला तितकंच कळत होतं. टेबल खाली गेलं की रिबिनी खाली जाणार, आणि रिबिनी खाली गेल्या की हे सगळं हळूच बंद पडणार. ती भांडणार नव्हती, नुसतंच बो करणं थांबवणार होती. एवढं मात्र तिने चारूला सांगितलं नाही.

चारूने ते हलवाहलवीचं काम कंपनीतल्यासारखं हाती घेतलं. प्रत्येक डब्यावर छापील चिठ्ठी: ए-एक, बी-तीन.

"डब्यांना माणसांची नावं कसली देतेस? उद्या नवीन माणूस आला तर त्याला काय कळणार?"

"नवीन माणूस कुठून येणार आहे?"

"तत्त्वाची गोष्ट आहे गं." असं म्हणून त्याने सध्या न लागणाऱ्या डब्यांवर लाल ठिपके लावले आणि ते आधीच खाली नेले. राहिलेले डबे आणि टेबल स्पृहाच्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी हलवायचं ठरलं.

हा कार्यक्रम म्हणजे त्यांच्या भागातल्या व्यायाम मंडळाचा नाताळआधीचा. नऊ वर्षांची स्पृहा तिथे जिम्नॅस्टिक्स करते. तिच्या ट्रेनरने, सिल्केने, साऱ्या गटासाठी गडद निळे बो सुकन्याकडून मागितले होते. मुलींच्या पोशाखाच्या रंगाशी जुळवून रिबिनीचं रीळ खास मागवलेलं. स्पृहाने वर्षभरापूर्वीच बो घालणं सोडलं होतं. तिच्या मते ते लहान बाळांचं काम. आता सगळ्याच मुली घालणार म्हटल्यावर तिने नाइलाजाने परवानगी दिली होती.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिने दारात उभं राहून जर्मनमध्ये "मी मदत करू का?" असं विचारलं, तेव्हा सुकन्याला आपण भलतंच ऐकलं की काय वाटलं. तिला बालवाडीतल्या पालकांच्या बैठकीला जायचं होतं, कोट अंगावर चढलेला. पण पोरगी आपणहून आली होती.

"ये. हे बघ, एका बोसाठी तीन विती. अंगठा इथे, करंगळी इथे. तीन झाल्या की काप. कळलं?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं स्पृहा म्हणाली आणि लगेच कात्री घेऊन बसली.

सुकन्या परत आली तेव्हा पोर झोपायच्या तयारीत होती आणि टेबलावर निळ्या पट्ट्यांची नीट गड्डी रचलेली होती. टोकं सरळ, एकही तिरकी नाही. सुकन्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. स्पृहाने तो बाजूला केला नाही.

शनिवारी सकाळी सुकन्या बो बांधायला बसली. पहिला बो मुठीत मावला. दुसराही तेवढाच. स्पृहाकडून कमी-जास्त झालं असेल म्हणून तिने गड्डीतली तिसरी पट्टी उचलून तिच्यावर हात ताणला. एक वीत, दोन विती, आणि तिसरी अर्ध्यातच हवेत गेली. तिने स्पृहाला हाक मारली, तिचा हात पट्टीवर ठेवून बघितला. एक, दोन, तीन. बरोब्बर.

"चारू," तिने हाक मारली. "जरा इकडे ये."

चारू आला. पट्ट्या हातात घेऊन त्याने एकमेकींवर ठेवून पाहिल्या, उजेडात धरल्या. "कटिंग उत्तम आहे. सगळे पीस एकसारखे."

"आणि सगळेच आखूड."

"ते आहेच." तो खुर्ची ओढून बसला. "ड्रॉइंग, म्हणजे माप, काय दिलं होतंस तिला?"

"तीन विती म्हटलं होतं."

"कोणाच्या?"

सुकन्याने आपल्या हाताकडे पाहिलं, मग स्पृहाच्या.

"अगं, घरात मोजपट्टी आहे. मीच चिठ्ठी लावून ठेवलीय तिला."

"बापूंच्या दुकानात जन्मभर वितीनेच कापलं. कधी कुणाची तक्रार आली नाही."

"बापूंच्या दुकानात कापणारा माणूस एकच होता," चारू म्हणाला.

स्पृहा टेबलाच्या कडेला उभी राहून एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत होती. "खूप लहान झाले?" तिने जर्मनमध्ये विचारलं. ओठ आत ओढलेले. सुकन्याला तो चेहरा ठाऊक होता. आता 'काही नाही गं, असू दे' म्हटलं असतं तर पोरगी पुन्हा या टेबलाकडे फिरकली नसती, आणि रागावलं असतं तर मुळीच नाही.

"लहान झालेत," ती म्हणाली. "मी नीट सांगितलं नाही. तुझा हात कसा माझ्याएवढा असेल? आता यातून काय करता येतं ते बघायचं. तू पण बघ."

ते रीळ संपलं होतं आणि त्या रंगाचं दुसरं उद्यापर्यंत कुठून मिळणार? सुकन्याने एक छोटा बो चारूच्या छापील चिठ्ठ्यांच्या पांढऱ्या कागदावर ठेवला. मग तो कागद हळूच बोच्या मागे दुमडला, कडेने थोडा बाहेर ठेवून. लांबून बघितलं. निळ्यामागे पांढरं आलं की बो एकदम ऐसपैस दिसत होता.

"याच्याखाली रुंद पांढरी सॅटिन लावू. दोन थरांचा बो. चारू, अरुंधती कुठे आहे?"

"हॅनोव्हरला."

"डबा रे."

"तो खाली. लाल ठिपका लावला होता."

चारू खाली गेला आणि एक डबा घेऊन आला. त्यात मणी होते. "सॅटिन म्हणजे बी-तीन, आणि हा बी-तीनच आहे," तो चिठ्ठी दाखवत म्हणाला.

"बी-तीन मला विचारू नकोस. मोरपंखी झाकण."

दुसऱ्या खेपेला त्याने आणला तो डबा मोरपंखी होता खरा, पण आत खरोखरच बटाटे निघाले. लिंडनरबाईंना जाळीबाहेर डबे पडलेले दिसले असावेत आणि त्यांनी त्यांचं सोनं केलं होतं. स्पृहा पोट धरून हसायला लागली. चारू बटाटे घेऊन लिंडनरबाईंच्या दारात गेला आणि बऱ्याच वेळाने त्यांनी दिलेला केकचा तुकडा खातच परत आला. सॅटिन त्याच तळघरातल्या शेल्फवर सापडली, बाईंनी व्यवस्थित घडी करून कागदात गुंडाळून ठेवलेली. तिसऱ्या खेपेला त्याने लाल ठिपक्यांचे सगळेच डबे वर आणले. पुन्हा पुन्हा जिने कोण चढणार?

मग तिघं टेबलाशी बसली. स्पृहा मोजायची, या वेळी पट्टीने. चारू कापायचा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून टोक झर्रकन फिरवायचा, म्हणजे धागे सुटत नाहीत. पट्ट्याचं टोक कसं वितळवायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"थोडं लांबून धर, काळं पडतंय."

"मला सांगतेस? आमच्याकडे या कामाला मशिन आहे."

"मग ते घेऊन ये."

सुकन्या घडी घालायची, मधोमध चुण्या पाडायची, दोरा आवळायची. डावा हात डब्याकडे न बघता जायचा आणि चिमटा घेऊन यायचा. चारूने मध्येच तो चिमट्यांचा डबा जरा सरळ करून ठेवला, तर तिचा हात रिकाम्या टेबलावर पडला.

"शमिकाला कुणी हलवलं?"

चारूने डबा मुकाट्याने पुन्हा होता तिथे ठेवला. थोडा वेळ तो नुसता बघत होता. दुपार झाली तसा खिडकीतला उजेड टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातून आला आणि त्याबरोबर सुकन्यानेही खुर्ची थोडी वळवली, तिचं तिलाही कळलं नाही अशी. सॅटिनच्या दोन पांढऱ्या छटा तिने त्या उजेडात धरल्या, एक बाजूला टाकली. चारूला त्या दोन्ही सारख्याच दिसल्या होत्या.

"हे तू खाली कसं केलं असतंस?" त्याने विचारलं.

"मी कुठे म्हटलं करणार होते?"

ती हे इतक्या सहज म्हणाली, की चारूच्या हातातली रिबीन ज्योतीवर जरा जास्तच वेळ राहिली आणि टोक काळं झालं.

"म्हणजे बंद करणार होतीस?"

"तळघरात बसून कोण बो करतं, चारू?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुलाही खोली हवीच आहे ना." तिने गाठीनंतरचा दोरा दातांनी तोडला. "ते टोक जळलंय, बाजूला ठेव."

चारूने ती रिबीन बाजूला ठेवली. संध्याकाळी दिवे लावायच्या आत सगळे बो तयार झाले.

रविवारी व्यायामशाळेत निळ्या-पांढऱ्या बोंची रांग फरशीवरून उलट्या कोलांट्या मारत गेली आणि एकही बो सुटला नाही. सिल्के म्हणाली, हे आपण ठरवलं होतं त्यापेक्षा छान झालंय. स्पृहाने बाजूच्या मुलीला बोट दाखवून सांगितलेलं सुकन्याला लांबूनही ऐकू आलं: हे मी कापलेत. जर्मनमध्ये, पण छाती काढून.

सोमवारी सकाळी चारूची मीटिंग अकराला होती. सुकन्याने त्या दिवशी रजा काढली होती, टेबल हलवायचं म्हणून. डबे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायला ती छोट्या खोलीत आली, तर चारू तिथे नव्हता. बेडरूममधून काहीतरी सरकवल्याचा आवाज येत होता. तिने डोकावून पाहिलं. कपाटाजवळच्या, भारतात जाताना लागणाऱ्या मोठ्या बॅगा त्याने पलंगावर चढवल्या होत्या आणि तो गुडघ्यांवर बसून भिंतीला मोजपट्टी लावत होता.

"हे टोक धर जरा," तो म्हणाला.

तिने धरलं.

"माझं टेबल इथे बसतं. या बॅगा खाली केलरमध्ये गेल्या तर."

"आणि इस्त्रीचं टेबल?"

"तेही खाली."

"इस्त्रीचं टेबल राहील. तुझे डंबेल खाली जातील. त्यांच्यावर लाल ठिपका कधीच लागायला हवा होता."

चारूने डंबेलांकडे पाहिलं. त्यांच्यावर धूळ होती, म्हणून वाद घालता येईना. "बरं. वाय-फाय इथे येतंय का बघायला पाहिजे."

"येतंय. मी रोज रात्री इथून आईशी बोलते."

छोट्या खोलीसाठी विकत घेऊन ठेवलेलं त्याचं नवं टेबल दोघांनी मिळून आणलं, दारातून तिरकं करून आत घातलं. अकराला पाच मिनिटं असताना तो लॅपटॉप उघडून बसला. सुकन्या छोट्या खोलीत गेली. बालवाडीतल्या एका मुलीचा पिवळा बो अर्धा राहिला होता, तो तिने पुढे ओढला. पलीकडून चारूचं "गूटन मॉर्गन" सुरू झालं, मोठ्याने, कंपनीत बोलतात तसं.

तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग उठून बेडरूमच्या दाराशी गेली आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशी उभी राहून म्हणाली, "दार लावून बोलत जा. मी काम करतेय."

चारूने मान हलवली आणि दार लावून घेतलं.