पहिली फेरी देवीची

माझा थोरला भाऊ उंचीने बेताचा, म्हणून की काय, त्याला गाडी उंच लागायची. गेल्या वर्षी त्याने आमच्या जुन्या जीपला अंगणातच लांब स्प्रिंगा बसवून घेतल्या. मिस्त्री जाताना बजावून गेला, "आधी अलिबागला जाऊन अलाइनमेंट करा. चाकं सरळ नाहीत." फाटकापर्यंत नेतानाच जीप डावीकडे ओढत माडाला घासली.

पण आमच्याकडे काम केलेल्या गाडीची पहिली फेरी देवीची. त्याआधी ती परक्याच्या दारात न्यायची नाही. देवळाची वाट खाडीच्या बांधावरून, जेमतेम एका गाडीपुरती, आणि डाव्या हाताला भरतीचं पाणी. भावाने चाकांखाली लिंबं ठेवली, आईला पुढे बसवलं. तिच्या मांडीवर पूजेचं ताट, त्यात नारळ आणि कोयता.

मी जीपसमोर उभा राहिलो.

"निदान आईला तरी उतरव."

"देवीच्या आधी गारीला कोनाचा हात लागनार न्हाय. हट!"

"देवीला बुडालेली गारी पायजे काय?"

तो उतरला आणि त्याने थेट तोंडावर ठोसा मारला. माझा दात तुटला. मग माझंही डोकं फिरलं. मी मान धरून त्याचं डोकं बॉनेटवर आपटलं, पुन्हा आपटलं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुंपणापलीकडे शेजारी जमले होते. आत यायला एकही धजला नाही. भावाने ताटातला कोयता उचलला. मी जॅकचा दांडा घेतला. त्या क्षणी आमच्यातला एक जण मेला असता.

आई जीपमधून उतरून मधे घुसली. तिने कोयता पात्याकडूनच धरून ओढून घेतला. तळहात फाटला, तरी तिने सोडला नाही. आता ती माझ्यावर धावेल असं वाटलं. ती पुढच्या चाकाशी वाकली आणि टायरवर घाव घालत सुटली. हवा फुसकन सुटली, जीप एका अंगावर बसली.

"आये, देवीची गारी!" भाऊ किंचाळला.

"टायर बाजारान मिलंल," आई धापा टाकत म्हणाली. "पोरगा कंच्या दुकानान आनू?"

मग तिने रक्ताळल्या हाताने नारळ उचलला आणि बांधाची वाट धरली, एकटी, पायी. दांडा टाकून मी तिच्या मागे निघालो. जरा वेळाने भावाची पावलंही मागून ऐकू आली. तिने दोघांकडेही वळून पाहिलं नाही.