पंचविसात चौदा

मरोळच्या औषधांच्या कारखान्यात रतन साळवे लॅबची रजिस्टरं लिहायचा. शिक्षण अकरावी, पण डोक्यात किडा भलताच. झाकलेली वस्तू मनाला दिसते का, हे त्याला एकदाचं जाणून घ्यायचं होतं. लॅबचे गुप्ते सर म्हणाले, हे शास्त्र नव्हे, थोतांड आहे. रतनला ते लागलं. ऐकीव मानू नये, पारखून घ्यावं, हे त्याच्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरात घोकलेलं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याने पातळ पुठ्ठ्याचे पंचवीस पत्ते कापले आणि बॉलपेनने त्यांवर मासा, सूर्य, घागर, पान, चौकोन काढले, प्रत्येकी पाच. पत्ते पालथे ठेवायचे आणि समोरच्याने ओळखायचं. नुसत्या अंदाजाने पाचेक बरोबर येतात. चाळीतल्या तीस जणांचं तसंच झालं.

मग दर रविवारी मासळी घेऊन येणारी मनोरीची मंजुळामावशी बसली. पत्त्यांवरून बोटं फिरवत, भलतीकडे बघत तिने चौदा ओळखले. पुढच्या रविवारी तेरा.

गुप्ते सर चपापले. तिसऱ्यांदा असंच आलं तर विज्ञान मंडळात वाचून दाखव, म्हणाले, तुझ्या नावाने. आजवर कशावरच रतनचं नाव आलं नव्हतं. तो हरखून गेला.

शनिवारी तो रजिस्टर लिहीत होता. खाली तीन कार्बन, म्हणून पेन दाबून लिहायची वर्षांची सवय. पान उलटताना अंगठ्याला मागे उमटलेली अक्षरं लागली आणि त्याने ती पुन्हा चाचपून पाहिली. पत्तेही त्याच हाताने काढलेले. नुसत्या बोटाने ताजं-शिळं पारखणाऱ्या बाईला ते उठाव लागणार नाहीत, तर कोणाला?

रविवारी त्याने एकेक पत्ता जाड पाकिटात घातला. आले पाच.

त्याने मावशीला सगळं सांगितलं. तीच थक्क झाली. आपली बोटं पाहत म्हणाली, "मना खरंच नाय ठाव रं."

मागचे दोन रविवार तेवढे दाखवावेत, असं रतनला फार वाटलं. सोमवारी त्याने तिन्ही रविवारांचे आकडे आणि पेनाची चूक लिहून कागद सरांपुढे ठेवला.

सर हसले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच निघालं."

"तेच निघालं, सर," रतन म्हणाला. "पण तुम्ही न तपासता म्हणत होता."

सरांनी कागद पुन्हा वरपासून वाचला आणि खाली रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे नाव लिही."