लेप काढणारे साडू

आमच्या मेहकरच्या साडूंना भंगारातला कुठलाही बोर्ड मेलेला वाटत नाही. जळालेल्या पंपाची पेटी, बंद पडलेला इन्व्हर्टर, कुणाचं वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पोटातल्या हिरव्या पाट्या शेवटी त्यांच्याकडे येतात. ओल लागू नये म्हणून या पाट्यांवर पारदर्शक लेप दिलेला असतो. तो काढल्याशिवाय आतला भाग सुटत नाही, आणि तो काढणं हेच साडूंचं खरं व्यसन. आधी कोपऱ्यात थिनरचा थेंब टाकून वाट पाहायची. विरघळला तर हाती लागेल तो टूथब्रश, रबरासारखा सुटला तर नख, आणि कशालाच दाद देईना तर बांबूची काडी आणि अख्खी दुपार. वासापायी मेव्हणीने त्यांना अंगणातल्या लिंबाखाली हाकललंय. स्वतःचा टूथब्रश ती डाळीच्या डब्यात ठेवते. धाड गावच्या एका लग्नात तर खिशातल्या बोर्डासाठी त्यांनी नवरीच्या मावशीकडे नेलपॉलिश काढायची बाटली मागितली. बाईंनी दिली, पण जेवणं होईपर्यंत त्या साडूंच्या नखांकडे पाहत होत्या.

मध्यंतरी साडूंच्या आईचं ऐकणं पार गेलं. एकदा कुणी मागून खांद्याला हात लावला, तर दचकून ती बाजेवरून पडली. तेव्हापासून ती दाराकडे तोंड करूनच बसे, जेवतानासुद्धा. साडूंनी ठरवलं, दारातलं बटण दाबलं की आईसमोर दिवा लागायला हवा आणि थोडा वेळ लागून राहायला हवा. त्यासाठीचा भाग होता पंपाच्या एका बोर्डावर, दगडासारख्या लेपाखाली.

"भाऊ, अकोल्याहून तयार आणू," मी म्हणालो.

"अन् हा काऊन फेकू? आतून चांगला हाय."

काडी घसरली आणि तो भागच तडकला. त्या दिवशी साडूंनी चहासुद्धा घेतला नाही. मग सुलतानपूरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून तसाच दुसरा बोर्ड आणला, त्यावर थिनरची चिंधी ठेवून दिली आणि लेप मऊ झाल्यावरच हात लावला. दिवा लागला. म्हातारीने त्या दुपारी दाराकडे पाठ करून शांतपणे भाकर खाल्ली.

साडू तेव्हापासून आपल्याच घरात शिरताना बटण दाबतात. "अंगणातून आत याले बी," मेव्हणी सांगते.

परवा मी गेलो तेव्हा म्हातारीला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. साडूंनी बटण दाबलं. तिने पदर सारखा केला, वळून पाहिलं आणि हसून विचारलं, "या. कोनाचे तुम्ही?"

तिला ऐकू येत नाही हे साडूंना माहीत होतं. तरी चपला काढता काढता ते म्हणाले, "तुहाच हावो, माय."