मोर्चावाल्या ताई गेटच्या आत

चळवळीतली माणसं जमली की आधी चहा येतो, मग देशाची चिंता, आणि चिंता ओसरली की किस्से. नाशिकला पेठ रोडवर एका मित्राच्या गच्चीवर आमचा गट रविवारी बसतो. आमच्यातल्या मंगलताई निवडून येऊन पंचायत समितीच्या सभापती झाल्या, तेव्हापासून चिंतेला वेळच उरत नाही!

ज्या ऑफिसच्या गेटबाहेर ताईंनी वर्षानुवर्षं धरणं धरलं, तिथे त्या पहिल्या दिवशी जीपमधून उतरल्या. शिपाई दगडूमामांनी सवयीनं गेट लावलं आणि आत ओरडले, "साहेब, मोर्चा आला!"

"मामा, आज एकटीच आहे. आणि आज आत बसायचंय!"

*

ताईंनी ठरवलं, मासिक बैठक लोकांनाही बघू द्यायची. गटविकास अधिकारी, म्हणजे तिथले मोठे साहेब, गडबडले. "मॅडम, एवढी पब्लिक बसणार कुठे?"

"उन्हात बसायची सवय आहे त्यांना. पंख्याखाली जमेल की!"

पुढच्या बैठकीला दारं उघडी. आणि काय सांगू, एरवी 'माहिती घेऊन सांगतो' म्हणणारे साहेब चक्क माहिती घेऊनच आले!

*

आमच्या सलीमभाईला मात्र धास्ती होती. "खुर्ची माणसाला गिळते," म्हणायचा. टँकर वेळेवर येईनात, तेव्हा त्यानं मोर्चा काढला तो थेट ताईंवरच! ताई बाहेर आल्या आणि घोळक्यात मांडी घालून बसल्या.

"ताई, उठा! मोर्चा तुमच्याविरुद्ध आहे!"

"माहितीये रे. पण घोषणा किती मिळमिळीत! हेच शिकवलं का मी तुला?"

टँकर सुरळीत झाले. सलीमभाई अजून कुरकुरतो, "धड रागावूसुद्धा दिलं नाही यार!"

*

डोंगरातल्या एका पाड्यावर आम्ही पूर्वी ग्रामसभेला जायचो. बायका दाराशी, तोंडाला पदर लावून. ताई विनवायच्या, "बोला गं, सभा तुमचीच आहे." कुणी हूं की चूं करायचं नाही.

सभापती झाल्यावर त्या पुन्हा तिथे गेल्या. हारतुरे झाले, ताईंनी माईक घेतला. तेवढ्यात दाराजवळून एक म्हातारी उठली.

"बाई, तुझं भाषण मागून. आधी आमच्या विहिरीचं बोल."

सरपंच खवळले. "ए आजी, खाली बस! सभापती हायेत त्या!"

"म्हणून तर तिला इचारते!"

ताई दारापर्यंत गेल्या आणि माईक आजीच्या हातात दिला. आजीनं तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला.

"ह्ये तुझं तुला ऱ्हाऊ दे. माझा आवाज पोचतो!"