डावं चाक

वडूज–सातारा वडापची जीप चालवणारा हा माणूस चाकात हवा भरत नसे, माणसं हलवत असे. डावं चाक बसलं की मला हमखास हुकूम, "आवं काकू, तुमी उजव्या अंगाला बसा, चाक दबतंय." मी अंगानं भारी, म्हणून चारचौघांत रोज हा मान माझा! हवा भरून घे म्हटलं की टेपचा आवाज वाढवायचा.

एका सकाळी बघते तर हा पठ्ठ्या पंक्चरवाल्यापाशी उकिडवा बसून चारही चाकांत हवा भरून घेतोय, वर मीटर लावून तपासतोय! पुढच्या सीटवर त्याची आई बसली होती. माझं टाळकंच सरकलं. "आणि आमचे जीव काय वाटेवर पडलेत?"

तो खुशीत हसला. "काकू, आज तुमी कुठंबी बसा."