चष्मा काढला की

आमच्या वकीलसाहेबांकडे मी सव्वीस वर्षं टायपिस्ट आहे. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली त्यांचं मोडक्या पायाचं टेबल होतं, तेव्हापासून. बंद पडलेल्या वह्यांच्या कारखान्याचा खटला त्यांनी कामगारांच्या बाजूने जिंकला. कारखाना चालवायला कुणीच पुढे येईना, म्हणून स्वतःच घेतला. लोकांनी वेड्यात काढलं. सहा वर्षांत शाळाशाळांतून त्यांच्या वह्या पोहोचल्या. माझा पगार काही त्या वेगाने वाढला नाही, असो. पुढे कामगारांनीच त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं आणि हा माणूस इरेला पेटला.

अर्ज भरला तशी विरोधकांनी हरकत घेतली. यांचा जन्म नदीवरच्या पुलापलीकडचा, म्हणजे शेजारच्या देशातला, आणि देशाबाहेर जन्मलेल्याला ही निवडणूक लढवता येत नाही. जन्माची नोंद महिन्याभराने केलेली, तीही तोंडी सांगण्यावरून. खरं काय ते सांगणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांची आई. वय एक्क्याऐंशी.

साक्षीदार तयार करण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. सुनावणीच्या आदल्या दिवशी ऑफिसात, माझ्यासमोरच, त्यांनी आईला बसवलं.

"खोटं बोलायचं नाही, आई. पण मी चष्मा काढला की नुसतं 'आठवत नाही' म्हणायचं."

"बरं. पण चष्म्याशिवाय तुला दिसत नाही."

मला हे अजिबात पटलं नव्हतं. तरी मी मूग गिळून गप्प बसले, त्याची लाज अजून वाटते.

सुनावणीच्या खोलीत पंखा बंद होता. निवडणूक अधिकारी इतके हळू बोलत होते की सगळे पुढे वाकून ऐकत होते. नाव झालं, वय झालं.

"आजी, तुम्ही आजारी बहिणीला भेटायला निघाला होता आणि वाटेत कळा सुरू झाल्या. मूल कुठे झालं? पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हातारी लेकाकडे बघत राहिली.

"आठवत नाही म्हण, असं याने मला पढवलंय," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "बाकी काहीही विसरेन हो. पण हा झाला तो दिवस आठवत नाही, असं कसं म्हणू? पलीकडे झाला. नाक्यावरच्या बाकावर. तिथल्या शिपायाने अंगातला कोट काढून याला गुंडाळलं."

आमच्या बाजूचे दुसरे वकील साहेबांच्या कानाला लागले. मी मागेच बसले होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं म्हणा. दोन प्रश्न विचारा, साक्ष टिकायची नाही."

खरंच टिकली नसती. याहून खमक्या साक्षीदारांना साहेबांनी रडवलेलं मी पाहिलंय, आणि नंतर चवीने जेवतानाही पाहिलंय. आता हे आपल्या आईलाही वेडी ठरवणार, अशी मला भीती वाटली.

"साक्षीदाराला काही विचारायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

साहेब उठले.

"नाही," ते म्हणाले. "साक्षीदाराची स्मरणशक्ती उत्तम आहे. तसं लिहून घ्या."

अर्ज तिथल्या तिथे बाद झाला. म्हातारीने टेबलावरचा चष्मा उचलला, पदराने पुसला आणि लेकाच्या हातात दिला.

"घाल आता. बाहेर पायऱ्या आहेत."